गाणी माहेरी गेली तेव्हा: दुआ लिपाचा ‘क्लब फ्युचर नॉस्टॅल्जिया’ कसा ऐकावा

सतरा ट्रॅक, सुमारे ५० मिनिटं, आणि पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत मधे कुठेही शांतता नाही. ब्रिटिश पॉप गायिका दुआ लिपा आणि डीजे द ब्लेसेड मॅडोना यांचा ‘क्लब फ्युचर नॉस्टॅल्जिया’ हा रिमिक्स अल्बम २८ ऑगस्ट २०२० रोजी आला. तो एका बैठकीत, आहे त्या क्रमाने, न थांबवता ऐकायचा आहे. शफल लावून किंवा त्यातलं एखादं गाणं उचलून प्लेलिस्टमध्ये टाकून ऐकलं तर हाती निम्मा अल्बम लागतो. इथं गाण्यांवर जेवढी मेहनत झाली आहे तेवढीच दोन गाण्यांमधल्या सांध्यांवर झाली आहे, आणि शफलमध्ये आधी तुटतो तो सांधाच.

ऐकण्याआधी मूळ अल्बम माहीत असायला हवा. ‘फ्युचर नॉस्टॅल्जिया’ २७ मार्च २०२० ला आला, ११ गाणी, ३७ मिनिटं. ब्रिटनमध्ये टाळेबंदी लागून तेव्हा चार दिवस झाले होते आणि भारतात दोन. नाचण्यासाठी बनवलेली गाणी बाजारात आली आणि नाचायच्या सगळ्या जागांना कुलूप होतं. रिमिक्स अल्बम आला तेव्हाही ब्रिटनमधले नाइटक्लब बंदच होते. इंग्लंडमध्ये ते उघडले थेट जुलै २०२१ मध्ये. म्हणजे हा क्लबचा अल्बम घराघरांत, हेडफोनवर आणि स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर ऐकला जाणार हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. गाणी इतकी आखूड का, दर दोन-अडीच मिनिटांनी काहीतरी नवं का घडतं, याचा बराचसा उलगडा यातच होतो.

मूळ अल्बमनं जुन्या काळाकडून भरपूर उसनं घेतलं होतं, आणि उघडपणे. ‘फिजिकल’ हा शब्द ज्या ठसक्यात येतो तो ऑलिव्हिया न्यूटन-जॉनच्या १९८१ च्या गाण्याची आठवण करून देतो. ‘ब्रेक माय हार्ट’चा गिटारचा तुकडा इनएक्सएस या ऑस्ट्रेलियन बँडच्या १९८७ च्या गाण्यावरून आला आणि त्या बँडच्या गीतकारांना त्याचं श्रेयही दिलं गेलं. ‘लव्ह अगेन’मधली ट्रम्पेटची ओळ तर १९३२ सालच्या लंडनच्या एका नृत्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणातली आहे. तीच ओळ १९९७ मध्ये व्हाइट टाउन या नावानं एका माणसानं आपल्या खोलीत बसून वापरली आणि ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तो माणूस ज्योती मिश्रा, जन्म राउरकेला. १९३२ ची ट्रम्पेट, १९९७ चा खोलीतला संगणक आणि २०२० चं डिस्को अशी एकाच ओळीची तीन आयुष्यं आहेत.

बाकी नाद बहुतांश ऐंशीच्या दशकाचा आहे. खालच्या ‘सा’वरून वरच्या ‘सा’वर एकसारखा उड्या मारणारा सिंथचा, म्हणजे सिंथेसायझरचा, बास, कोरस इफेक्टनं किंचित थरथरणारे, पसरट सिंथ, ज्यांच्यासाठी रोलँड ज्युनो-६० हे १९८२ चं यंत्र ओळखलं जातं, ड्रम मशीनची कोरडी टाळी. हा नाद लिपाच्या टीमनं आधुनिक स्टुडिओत पुन्हा बांधला. रेट्रो अल्बमवर एक रास्त आक्षेप असतो की जुना पोशाख चढवला, पण तो शिवणाऱ्यांची आठवण कोणी ठेवली नाही. या रिमिक्स अल्बममध्ये ती आठवण ठेवलेली आहे. गाणी ज्या घरांतून उसनी आणली त्याच घरांत परत पाठवली. सासरी चमकलेल्या मुली चार दिवस माहेरी आल्या, असाच हा प्रकार आहे.

नावं पाहिली की ते कळतं. मिस्टर फिंगर्स म्हणजे शिकागोचे लॅरी हर्ड. १९८६ मधल्या त्यांच्या कामापासून डीप हाऊस या संथ, मऊ सुरावटींच्या हाऊस प्रकाराची सुरुवात मानली जाते; हाऊस म्हणजे सरळ चार ठोक्यांवर चालणारं क्लबचं नृत्यसंगीत. मूडीमॅन डेट्रॉइटचे. मास्टर्स अ‍ॅट वर्क ही न्यूयॉर्कच्या लुई व्हेगा आणि केनी गोन्झालेस यांची जोडी, जिनं नव्वदच्या दशकात हाऊसमध्ये लॅटिन तालवाद्यं मुरवली. हॉर्स मीट डिस्को हे लंडनच्या व्हॉक्सहॉल भागातल्या रविवारच्या रात्रींमुळे नावारूपाला आलेलं डीजे मंडळ. दिमित्री फ्रॉम पॅरिस जुन्या डिस्कोचे जाणकार. झाक लू काँ हे स्टुअर्ट प्राइस यांचं दुसरं नाव, आणि गायिका मॅडोनाचा २००५ चा एकही खंड नसलेला डान्स अल्बम त्यांनीच तिच्यासोबत घडवला होता. आणि या सगळ्यांना एका माळेत ओवणारी द ब्लेसेड मॅडोना ही त्या गायिकेहून वेगळी व्यक्ती आहे. शिकागोच्या स्मार्टबार क्लबात वर्षानुवर्षं काम केलेली ही डीजे. ‘ब्लेसेड मॅडोना’ हे नाव तिनं २०२० च्या जुलैमध्ये घेतलं, त्याआधी ती वेगळ्या नावानं ओळखली जायची. अल्बमवर दोन मॅडोना असल्यानं गोंधळ होतो, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

हाऊस हे नावच शिकागोच्या वेअरहाऊस क्लबवरून आलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तिथं फ्रँकी नकल्स वाजवायचे आणि नाचणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुण मोठ्या संख्येनं असायचे. आज या ठेक्यावर कोट्यवधी लोक नाचतात, पण तो घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं कुणाला माहीत नसतात. एका लोकप्रिय गायिकेच्या अल्बमच्या श्रेयनामावलीत लॅरी हर्ड आणि केनी गोन्झालेस यांची नावं यावीत, ही या अल्बमची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. गाणी आवडोत वा न आवडोत, हे मोल उरतंच.

आता यंत्राकडे वळू, कारण चुकीच्या सेटिंगवर हा अल्बम खरोखर वाईट वाजतो. सलग मिक्सचे सतरा तुकडे केलेले आहेत आणि प्रत्येक तुकडा पुढच्याला अगदी चिकटून सुरू व्हायला हवा. १२४ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२४ ठोक्यांच्या, लयीत एक ठोका ४८४ मिलिसेकंदांचा असतो. दोन तुकड्यांमध्ये ५० मिलिसेकंदांची फट पडली तर ती ठोक्याच्या दहाव्या हिश्शाएवढी होते, आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळायला तेवढी पुरते. ही फट येते कुठून? एमपी३ पद्धतीत आवाज ११५२ नमुन्यांच्या चौकटींत भरला जातो, ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने धरून, एक चौकट २६ मिलिसेकंदांची. गाण्याची लांबी चौकटीत नेमकी बसली नाही की शेवटी रिकामी जागा भरावी लागते, आणि सुरुवातीलाही एन्कोडर, म्हणजे एमपी३ फाइल बनवणारं सॉफ्टवेअर, थोडी शांतता घालतो. चांगला प्लेअर ती कापतो, साधा प्लेअर कापत नाही. म्हणून पेनड्राइव्हवर कॉपी करून गाडीच्या स्टिरिओवर लावलेला अल्बम प्रत्येक सांध्याला ठेच खातो.

स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये ‘गॅपलेस’, म्हणजे फट न ठेवता वाजवण्याची सोय, चालू ठेवा आणि क्रॉसफेड, म्हणजे एका गाण्याचा शेवट पुढच्यावर चढवण्याची सोय, शून्य सेकंदांवर आणा. पार्टीसाठी क्रॉसफेड पाच-सहा सेकंदांवर ठेवायची अनेकांना सवय असते. इथं ती घातक आहे. मिक्समध्ये आधीच एकमेकांत मिसळलेली दोन गाणी अ‍ॅप पुन्हा एकमेकांवर चढवतं, दोन ठेके किंचित मागेपुढे पडतात आणि टापांचा गोंधळ ऐकू येतो. अ‍ॅप आपणहून गाणी जोडून देत असेल तर तेही बंद करा. आवाज समान करण्याची सोय, म्हणजे व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन, अल्बम सलग लावल्यास संपूर्ण अल्बमला एकच पातळी देईल अशी असावी. ती प्रत्येक गाण्याला वेगळी पातळी देत असेल तर सांध्यावर आवाज एकदम चढतो किंवा पडतो. शंका वाटली तर ती सोय बंदच ठेवा. अल्बम आधी डाउनलोड करून घ्या, कारण नेटवर्कच्या एका गचक्यानं पुढची दहा मिनिटं विस्कटतात. जाहिराती येणाऱ्या मोफत सेवेवर हा अल्बम ऐकण्यात अर्थ नाही.

एक गल्लत नेहमी होते. हा अल्बम दोन रूपांत मिळतो. एकात डीजे मिक्स, म्हणजे सगळं सलग. दुसऱ्यात रिमिक्स सुटे, प्रत्येकाला स्वतःची सुरुवात आणि शेवट. शोधताना नावापुढे ‘डीजे मिक्स’ किंवा ‘मिक्स्ड’ असं आहे का ते पाहा. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी सलग रूपच घ्यावं. ज्यांना एखादा रिमिक्स आवडून तो पूर्ण लांबीत हवा असेल त्यांनी मग सुट्याकडे जावं.

स्पीकरबद्दल थोडक्यात. हाऊसच्या किकचा, म्हणजे ड्रमच्या जाड मुख्य ठोक्याचा, तळ साधारण ५० ते ६० हर्ट्झला असतो. फोनचा स्पीकर एवढ्या खाली जातच नाही, मुठीएवढे ब्लूटूथ स्पीकरही तळ नुसता सुचवतात. त्यामुळे फोनवर ऐकून ‘रिमिक्समध्ये काही दम नाही’ असं ठरवू नये. साधे तारेचे इअरफोन चालतील, फक्त ते कानात घट्ट बसलेले असावेत. सैल बसले की सगळ्यात आधी खालचा आवाज गळतो. घरातले मोठे स्पीकर कोपऱ्यात ठेवले असतील तर भिंतींमुळे बास फुगतो आणि किक व बासची ओळ एकमेकांत मिसळून नुसता घुमारा उरतो. दीड-दोन फूट पुढे ओढून पाहा, फरक लगेच कळेल. ‘बेस बूस्ट’ बंद. आवाजाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब ध्यानात ठेवा: आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८९ डेसिबलला ही मर्यादा पाच तासांवर येते. हा अल्बम सहा वेळा वाजला की संपली.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे. सुरुवात होते हॉट चिप या बँडच्या जो गॉडार्ड यांनी केलेल्या शीर्षकगीताच्या रिमिक्सनं, त्यामागून कॅनडाच्या जेडा जी यांचं ‘कूल’. हे दोन्ही तुकडे खोली तापवण्याचं काम करतात आणि ते नीट करतात. त्यानंतरचा जपानचे गेन होशिनो यांचा भाग झटकन सरतो. पुढे ‘प्रिटी प्लीज’ सलग दोनदा येतं, आधी मिडलँड यांच्या हातून आणि मग मास्टर्स अ‍ॅट वर्कच्या. या जोडीवर मात्र कान टेकवा. गायिकेचा आवाज तोच, शब्द तेच, पण ठेक्याच्या आतली भरण वेगळी. रिमिक्स म्हणजे गाण्याखाली मोठा ढोल ठेवणं, अशी समजूत असेल तर ती या दोन तुकड्यांत पुसली जाते. सरळ चार ठोके दोन्हीकडे असू शकतात. चाल बदलते ती त्या ठोक्यांच्या मधल्या पावपाव मात्रेत काय ठेवलंय त्यानं.

लयीचा प्रश्न या अल्बमच्या मुळाशी आहे. मूळ ‘लेव्हिटेटिंग’ १०३ बीपीएमला, ‘ब्रेक माय हार्ट’ ११३, ‘लव्ह अगेन’ ११६, ‘हॅल्युसिनेट’ १२२, ‘डोन्ट स्टार्ट नाऊ’ १२४ आणि ‘फिजिकल’ तब्बल १४७. ही गाणी एका माळेत सलग वाजवायची तर कुणाला पळवावं लागतं आणि कुणाला रोखावं लागतं. १०३ वरचं गाणं १२० वर न्यायचं म्हणजे साडेसोळा टक्के वेग वाढवायचा. जुन्या टेपसारखा नुसता वेग वाढवला तर सूरही चढतो, अडीच अर्धस्वरांहून थोडा जास्त. काळी एकमध्ये गाणारी बाई काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधे कुठेतरी जाऊन पोचते आणि आवाज बालिश होतो. म्हणून सूर तिथेच ठेवून फक्त वेळ ताणणारं किंवा आकसणारं सॉफ्टवेअर वापरतात. तेही फुकट मिळत नाही. वेळ ताणला की लांब धरलेला स्वर शेवटाकडे थरथरतो, ‘स’ आणि ‘श’ फिसकटल्यासारखे पसरतात, ‘ट’ किंवा ‘क’सारखे कडक वर्ण कधी दुहेरी उमटतात. हेडफोन लावून पार्श्वसंगीत विरळ झालेल्या जागा ऐका, तिथं हे पकडता येतं. हाऊसमध्ये आवाजाचे छोटे तुकडे करून ते पुन्हापुन्हा वाजवण्याची पद्धत आहे. ती शैली खरीच, पण लांब ओळ ताणण्याचं संकट टाळण्याचा तो व्यवहारी मार्गही आहे.

‘लेव्हिटेटिंग’चं रिमिक्स हा अल्बमचा दर्शनी भाग. गायिका मॅडोना आणि रॅपर मिसी एलियट दोघीही त्यात आहेत आणि ते अल्बमच्या दोन आठवडे आधी सुटं आलं होतं. मिसी एलियट येते तेव्हा गाणं खरंच जागं होतं. ठोक्याच्या किंचित मागे बोलण्याची तिची ढब रिमिक्सच्या घट्ट लयीला हवी तेवढी सैल करते. मॅडोनाचा भाग मात्र सजावटीपुरता वाटतो. तिनं १९८७ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा सलग जोडलेला रिमिक्स अल्बम काढला होता, त्यामुळे तिचं इथं असणं अर्थाच्या दृष्टीनं चोख आहे. ऐकताना मात्र तीन मोठे आवाज एका छोट्या खोलीत दाटीनं उभे असल्यासारखे भासतात. ‘फिजिकल’च्या मार्क रॉन्सन यांच्या रिमिक्समध्ये ग्वेन स्टेफानी आहे. तिथंही अडचण तीच: पाहुणी आली, तिला बसायला जागा होईपर्यंत गाणं संपलं.

याच्या उलट, दिमित्री फ्रॉम पॅरिस यांनी ‘ब्रेक माय हार्ट’ला जमिरोक्वाय या ब्रिटिश बँडच्या १९९६ च्या ‘कॉझ्मिक गर्ल’शी जोडलंय आणि तो या ५० मिनिटांतला सर्वांत सुंदर सांधा आहे. दोन गाणी एकत्र बांधताना लय जुळवणं सोपं असतं, पट्टी जुळवणं कठीण. दोन धुनी एकाच वेळी वाजल्या आणि पट्ट्या जुळल्या नाहीत तर हार्मोनियमवर दोन शेजारच्या पट्ट्या एकत्र दाबल्यासारखं कानाला खुपतं. डीजे त्यावर सोपी युक्ती करतात: सांध्यावर फक्त तालवाद्यं ठेवायची, सूर आल्यावर जुनं गाणं काढून टाकायचं. इथं तशी पळवाट घेतलेली नाही. दोन्ही गाण्यांतला डिस्कोचा बास एकाच गोत्राचा आहे हे ओळखून ती एकमेकांच्या अंगावर रेलून उभी केली आहेत. हॉर्स मीट डिस्कोचं ‘लव्ह अगेन’ही असंच आपल्या घरी परतल्यासारखं वाजतं. ज्या गाण्याच्या पोटात १९३२ ची ट्रम्पेट आहे त्याला डिस्कोचा थाट जड होत नाही.

‘बॉइज विल बी बॉइज’ हे मूळ अल्बमचं शेवटचं गाणं. रात्री एकटं घरी जाताना मुली किल्ल्या मुठीत बोटांच्या मधे धरून चालतात, त्याबद्दलचं. मूळ गाणं संथ, तंतुवाद्यांच्या साथीनं येणारं, आणि अल्बमच्या झगमगाटानंतर ते एकदम गंभीर करून सोडतं. झॅक विटनेस यांचं रिमिक्स त्याला नाचाच्या रांगेत उभं करतं. डिस्को आणि हाऊसमध्ये दुःखाच्या शब्दांवर नाचण्याची मोठी परंपरा आहे, त्यामुळे तत्त्वतः यात गैर काही नाही. पण ज्या गाण्याचं सगळं वजन थांबून ऐकवण्यात होतं ते थांबूच न देता पुढे रेटल्यावर शब्द निसटतात. या अल्बममधला हा निर्णय पटत नाही. मूळ गाणं वेगळं, शांतपणे ऐकावं.

सर्वांत जास्त वेळ ‘हॅल्युसिनेट’वर घालवावा. इथंही एकामागून एक दोन रिमिक्स आहेत. पहिलं लॅरी हर्ड यांचं. नावातच ‘डीप स्ट्रिप्ड’ असं आहे, आणि काम नावाप्रमाणे: काढून टाकत जायचं. मूळ गाण्यात धृपदापर्यंत चढत जाणारी जी चमक होती ती उतरवून त्यांनी खाली मऊ स्वरसंगती आणि भरपूर मोकळी जागा ठेवली. दुसरं पॉल वूलफर्ड यांचं, उजेडाचं, हात वर करायला लावणारं. हर्डनी विझवलेला दिवा वूलफर्ड पुन्हा पेटवतात, आणि तो क्रम उलटा असता तर दोन्ही निष्प्रभ झाली असती. मिक्स रचणाऱ्या डीजेची समज इथं दिसते.

पण इथंच अल्बमची मोठी उणीवही दिसते. हाऊस हे बारा इंची तबकडीवर वाढलेलं संगीत आहे. सहा-आठ मिनिटांचं रिमिक्स त्यात सामान्य. १२० बीपीएमला चार ठोक्यांचं एक आवर्तन दोन सेकंदांचं, आणि डीजे सांध्यासाठी हाताशी ३२ आवर्तनं ठेवतात, म्हणजे ६४ सेकंद. सुरुवातीला तेवढी आणि शेवटी तेवढी धरली तर दोन मिनिटं आठ सेकंद फक्त येण्या-जाण्यात जातात. इथं ५० मिनिटांत १७ तुकडे, म्हणजे प्रत्येकाला सरासरी तीन मिनिटंही नाहीत. मग येण्या-जाण्याची जागा कापली जाते आणि मधल्या गाण्याचीही. लॅरी हर्ड यांच्यासारख्या माणसाचं संगीत चौथ्या-पाचव्या मिनिटाला अंगात भिनायला लागतं. विलंबित ख्यालाचा गायक तीन मिनिटांत उठवावा तसं इथं होतं. ज्याला डीप हाऊस कधी ऐकलं नसेल त्याला या तुकड्यावरून त्या प्रकाराची फक्त चव कळेल, मुरणं कळणार नाही. सतराऐवजी अकरा तुकडे घेऊन तीच ५० मिनिटं वापरली असती तर हा अल्बम दुप्पट चांगला झाला असता.

‘डोन्ट स्टार्ट नाऊ’ इथं यैजीच्या हाती आहे. कोरियन आणि इंग्रजी दोन्ही भाषांत जवळजवळ कुजबुजत गाणारी ही कलाकार, आणि जगभर गाजलेलं हे गाणं तिनं इतकं आतल्या आवाजाचं करून टाकलंय की पहिल्यांदा ते ओळखू येत नाही. ब्लॅकपिंक या कोरियन गटासोबतचं ‘किस अँड मेक अप’ मूळ २०१८ चं आहे, ‘फ्युचर नॉस्टॅल्जिया’मधलं नाही, ते इथं थोडं उपरं वाटतं. ‘लव्ह इज रिलिजन’ आणि ‘दॅट काइंड ऑफ वुमन’ ही मूळ अल्बमबाहेरची गाणी इथं पहिल्यांदा आली. दुसऱ्याचं झाक लू काँ यांचं रिमिक्स ऐका. सिंथ-पॉपची खरी चव ज्यांना हवी आहे, म्हणजे ठेक्यापेक्षा सिंथच्या धुनीवर ज्यांचा जीव आहे, त्यांच्यासाठी अल्बमचा हाच भाग.

त्यांनी आणखी एक करावं: या प्रकाराचा पूर्वज ऐकावा. द ह्युमन लीग या ब्रिटिश सिंथ-पॉप बँडच्या १९८१ च्या ‘डेअर’ या अल्बमवरून त्यांचे निर्माते मार्टिन रशंट यांनी १९८२ मध्ये ‘लव्ह अँड डान्सिंग’ हा रिमिक्स अल्बम केला. तेव्हा संगणकावर वेळ ताणण्याची सोय नव्हती. मिक्सिंग डेस्कवर हातानं वाद्यं चालू-बंद करायची आणि टेप प्रत्यक्ष कापून जोडायची. गायकाचे शब्द बरेचसे काढून टाकल्यामुळे सिंथ आणि लिन ड्रम मशीनच गातात. आजच्या अल्बमशेजारी तो ठेवला की कळतं, मोकळ्या जागेचं धाडस तेव्हा जास्त होतं. त्याच १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले होते. शिकागोत त्याच टीबी-३०३ मधून अ‍ॅसिड हाऊस हा हाऊसचा प्रकार निघायला अजून काही वर्षं होती. चरणजित सिंगांच्या तबकडीकडे तेव्हा कोणी फारसं पाहिलं नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झालं. सिंथचा इतिहास लंडन आणि शिकागोपुरता नाही, हे मुंबईच्या वाचकांना तरी माहीत असायला हवं.

भारतीय संदर्भात आणखी एक घोटाळा होतो. अमाल मलिक यांनी केलेलं ‘लेव्हिटेटिंग’चं भारतीय रिमिक्स, ज्यात सुकृती आणि प्रकृती कक्कर गातात, ते २०२१ चं आहे आणि या अल्बममध्ये नाही. ३० नोव्हेंबर २०२४ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यक्रमात लिपानं ‘लेव्हिटेटिंग’ला ‘बादशाह’ चित्रपटातल्या ‘वो लडकी जो’ची जोड दिली, तेही इथं शोधू नका.

दुसऱ्या फेरीला अल्बम वेगळ्या पद्धतीनं लावा. आधी मूळ ‘हॅल्युसिनेट’, त्यामागे सुट्या रूपातलं हर्ड यांचं रिमिक्स, मग वूलफर्ड यांचं. तिन्हींमध्ये गायिकेची पहिली ओळ कितव्या सेकंदाला येते ते लिहून ठेवा, आणि बासची ओळ किकच्या ठोक्यावर पडते की दोन ठोक्यांच्या मधे, तेही. मग सलग मिक्समध्ये परत जाऊन हर्ड यांचा भाग किती कापलाय ते मोजा.